वृद्धांची औषधे व आपले कर्तव्य

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल समयी ज्या वडीलधाऱ्यांच्या हातून ही श्रद्धा आपणांपर्यंत पोहोचली, त्यांचे स्मरण होणे साहजिक आहे. पुष्पहार घालून त्यांचा सत्कार आपण करूच. परंतु चौथ्या आज्ञेने सांगितलेला मान तेवढ्यावर संपत नाही. म्हणून आज आम्ही एका घरगुती विषयावर चार शब्द बोलणार आहोत. तो विषय म्हणजे आपल्या वृद्धांच्या उशाशी असलेली औषधांची पिशवी.

माजिवड्यास आज नाशिककडे जाणारा महामार्ग व घोडबंदरचा रस्ता येऊन मिळतात. दवाखाने व औषधांची दुकाने हाकेच्या अंतरावर आली आहेत. ही देवाची देणगीच होय. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखावयास शिकवितो आणि औषधही परमेश्वराचीच निर्मिती असल्याचे सांगतो. यास्तव औषध नाकारणे ही भक्ती नव्हे. मात्र ते जपून घेणे हे कर्तव्य आहे.

औषध घातक ठरू शकते, हे आपल्या शेजारीच घडले आहे. इ. स. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष आल्यामुळे १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. असे दूषित औषध रोखणे हे सरकारचे काम. परंतु वृद्धांच्या घरी बहुधा निराळेच घडते: औषध शुद्ध असते, वैद्यही जाणता असतो, आणि तरीही अपाय होतो.

याचे कारण शरीरात आहे. वय वाढले म्हणजे मूत्रपिंड व यकृत यांचे काम मंदावते, आणि तरुणाच्या अंगातून लवकर निघून जाणारे औषध वृद्धाच्या अंगात साचत राहते. इ. स. १९८२ मध्ये इंग्लंडात संधिवातावरील बेनोक्साप्रोफेन हे औषध बाजारातून काढून घ्यावे लागले. त्याने दगावलेल्यांत वृद्धांचाच भरणा मोठा होता. इ. स. २००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचे दुसरे औषध हृदयास घातक ठरल्यामुळे जगभर मागे घेण्यात आले आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारत सरकारनेही त्यावर बंदी घातली.

आजही गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडास इजा पोहोचते. झोपेसाठी घेतलेल्या अल्प्राझोलॅममुळे म्हातारे माणूस रात्री उठताना पडते व खुब्याचे हाड मोडते. सर्दीच्या साध्या गोळीतील क्लोरफेनिरामिनने वृद्धास भ्रम होऊ शकतो व लघवी तुंबू शकते. घरची माणसे मात्र म्हणतात, 'वय झाले, आता असेच व्हायचे!' सिराखच्या तिसऱ्या अध्यायात, पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्यास सांभाळून घ्यावे, असा उपदेश आहे. आम्ही त्यास एवढीच पुस्ती जोडू, की ती बुद्धी वयाने क्षीण झाली की गोळीने, हे आधी वैद्यास विचारून पाहावे.

आणखी एक गोष्ट धर्मगुरू या नात्याने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. कित्येक वृद्ध ख्रिस्तप्रसादापूर्वी उपाशी राहावे म्हणून सकाळची रक्तदाबाची गोळी टाळतात. मध्यरात्रीपासून पाणीही न घेण्याचा नियम त्यांच्या लहानपणी होता, हे खरे, पण इ. स. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरविले. आजच्या नियमाप्रमाणे उपवास एक तासाचा आहे. पाणी व औषध यांनी तो मोडत नाही. वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर तेही बंधन नाही. तसेच राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दिवशींचा उपवास वयाची ५९ वर्षे पूर्ण झालेल्यांवर बंधनकारक नाही. मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते, घाम सुटतो, शुद्ध हरपते. ज्या उपवासाची धर्मसभा अपेक्षा करीत नाही, त्यासाठी जीव धोक्यात घालू नये. त्याऐवजी प्रार्थना करावी, दानधर्म करावा.

मग करावे काय? हृदयाचा वैद्य एक, मधुमेहाचा दुसरा, हाडांचा तिसरा. एकाने काय दिले हे दुसऱ्यास ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक घरात एका जबाबदार व्यक्तीने सर्व औषधांची एकच यादी ठेवावी. तीत गोळीचे नाव, प्रमाण, वेळ व कारण लिहावे; दुकानातून परस्पर आणलेली गोळी व काढाही वगळू नये. दर भेटीत ती यादी प्रत्येक वैद्यापुढे ठेवून विचारावे, 'यांतील कोणते औषध आता कमी करता येईल?' मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. रक्तदाबाची वा झोपेची गोळी अचानक सोडल्यानेही अनर्थ ओढवतो. औषधाने अपाय झाल्याचा संशय आल्यास वैद्यास तत्काळ कळवावे. अशा अपायांची नोंद घेण्यासाठी सरकारने इ. स. २०१० पासून देशव्यापी योजना चालविली असून तिचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे.

ज्या वृद्धांचे कोणी जवळ नाही, मुले परदेशी वा दूरगावी आहेत, त्यांची यादी कोणी लिहावी? शेजाऱ्याने लिहावी. आजारी मनुष्यास भेट देणे हे दयेचे कृत्य आपण लहानपणी धर्मशिक्षणात शिकलो आहोत. त्या भेटीत आता दहा मिनिटे औषधांच्या पिशवीसाठी राखून ठेवू या. ज्युबिलीची रोषणाई चार दिवसांनी उतरेल; पण या वर्षी एका वृद्धाचे जरी पडणे टळले, तरी हा उत्सव खऱ्या अर्थाने पार पडला असे आम्ही समजू.

परमेश्वर आपल्या वृद्धांस आरोग्य व आपणांस त्यांची काळजी वाहण्याची बुद्धी देवो. आमेन.