चुना, सोडा आणि मैत्रीण

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

‘किशोरवयीन मुली आणि आरोग्य’ हा विषय मला दिला आहे. रक्तक्षय, पाळी, आहार यांवर कालपासून आपण बरंच बोललो. मी आज एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक माझी आहे. जिला ती भोगावी लागली तिला विचारूनच बोलते आहे. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला सुमन म्हणू.

१९७८ सालची गोष्ट. आम्ही तालुक्याच्या गावी नववीत होतो. सुमन वाडीवरून शिकायला मामाकडे आलेली. तिच्या कपाळावर तीन आणि हनुवटीवर एक असे गोंदणाचे ठिपके होते. पाच-सहा वर्षांची असताना जत्रेत आजीनं तिला गोंदणारणीपुढे बसवलं होतं. मेल्यावर बाईबरोबर फक्त गोंदण जातं, बाकी सगळं इथंच राहतं, असं आजी सांगायची. वाडीवर ते कौतुकाचं होतं. आमच्या वर्गात मात्र ते अडाणीपणाचं लक्षण ठरलं. मुली तिला चिडवत. मामी म्हणायची, “आता नोकरदार मुलगा कसा मिळायचा हिला?”

सुमनला ते ठिपके नको झाले. मला विज्ञानात चांगले गुण असत, म्हणून तिनं मला विचारलं. चुना आणि धुण्याचा सोडा लावला की तीळ जातो, असं मी बायकांच्या बोलण्यात ऐकलं होतं. शाळेत आम्ल आणि आम्लारी नुकतंच शिकवलं होतं. बायकांचं ऐकलेलं आणि पुस्तकातलं वाचलेलं, दोन्ही जुळल्यासारखं वाटलं आणि मी म्हटलं, करून बघू.

आजीच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला, न्हाणीतला सोडा घेतला. दुपारी घरातली मोठी माणसं झोपल्यावर आम्ही तिघी माळ्यावर जमलो. आधी माझ्या मनगटावरच्या तिळाला लावलं. दोन मिनिटांत आग व्हायला लागली तशी मी पुसून टाकलं. थोडं लाल झालं, एवढंच. प्रयोग यशस्वी झाला असं मी जाहीर केलं. मग काडीनं तो लेप सुमनच्या हनुवटीवर लावला. ती कळवळायला लागली, तेव्हा मी तिला म्हटलं, “सोस गं जरा. चांगलं दिसायचं तर सोसावं लागतं.”

हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. कान टोचताना, घट्ट बांगड्या भरताना, केस ओढून वेणी घालताना घरातल्या बायकांनी ते मला ऐकवलं होतं. चौदाव्या वर्षी ते माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

तिनं दहा मिनिटं सोसलं. मग पुसलं तर कातडी पांढरट, बुळबुळीत झालेली. मी घाबरले. आम्लानं आम्लारी मारली जाते, हे पाठ होतं. म्हणून मी त्यावर लिंबू पिळलं. ती ओरडली ते खाली ऐकू गेलं.

आम्ही काय केलं होतं ते मला पुढे कॉलेजात कळलं. चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. साबण करायला वापरतात तोच. तो कातडीतल्या स्निग्धांशाचासुद्धा साबण करतो आणि आत आत उतरत जातो. गोंदणाचा रंग वरच्या कातडीत नसतो, तिच्या खालच्या थरात असतो. म्हणजे रंगापर्यंत पोचायच्या आधी कातडी जाणार, हे ठरलेलंच. सुमनच्या हनुवटीवर रुपयाएवढा जाड वण राहिला आणि त्याच्या कडेला हिरवा ठिपका अजून अर्धा दिसतो.

घरी तिनं आमची नावं सांगितली नाहीत. स्वतःच केलं म्हणाली. मामा म्हणाले, मुलीला शाळेत घालून हे शिकली. दहावीला तिचं नाव घातलं नाही, तिला वाडीवर परत पाठवलं. पुढे स्थळं यायची तेव्हा पहिला प्रश्न वणाचा असायचा. भाजली का? कुणी भाजलं? का भाजलं? हुंडा वाढवून लग्न झालं.

त्याच वर्षी दिवाळीत माझ्या भावानं मित्रांबरोबर गंधक आणि पोटॅश कुटलं. स्फोट झाला, बोटाचं पेर गेलं. त्याला मारही बसला. पण आज घरात तो किस्सा हसत सांगतात. ‘लहानपणापासून उपद्व्यापी, म्हणून तर इंजिनिअर झाला.’ मुलाच्या अंगावरची खूण पराक्रमाची, मुलीच्या अंगावरची खोट. तो जे करत होता ते बाहेरच्या वस्तूंवर. आमच्याकडे प्रयोगाला एकच वस्तू होती, आमचं स्वतःचं शरीर, कारण तेच दुरुस्त करायला हवं असं आम्हाला रोज सांगितलं जात होतं.

मी गप्प राहिले. शिकले, नोकरीला लागले, चळवळीत आले, व्यासपीठावरून स्त्रीच्या शरीरावरच्या हक्काबद्दल बोलले, पण सुमनकडे गेले नाही. १९९४ साली तिच्या गावात बचत गटाची बैठक घ्यायला गेले तेव्हा ती समोर बसली होती. बैठक संपल्यावर मी माफी मागितली. ती म्हणाली, “चुना मीच लाव म्हटलं होतं. त्याचा राग नाही. पण त्यानंतर तू एकदाही आली नाहीस.”

मैत्रिणींनो, हे मी मन हलकं करायला सांगत नाही. तुमच्या गटातल्या मुली आजही प्रयोग करतात. चुन्याची जागा आता दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे. मोबाइलवर बघून चेहऱ्यावर लिंबू आणि सोडा लावतात. केसांचा कलप मिसळलेली काळी मेंदी हातावर काढतात आणि फोड येतात. मैत्रिणीच्या मैत्रिणीनं दिलेली स्टेरॉइडची मलमं गोरं व्हायला महिनोन्‌महिने लावतात. त्यानं कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते आणि मलम थांबवलं की चेहऱ्याची आग आग होते. २०१८ साली सरकारनं अशी चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मुलींच्या हातात ती तरीही पडतात. आपल्या देशातली सर्वांत खपाची गोरेपणाची क्रीम १९७५ साली बाजारात आली, तेच आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं! २०२० साली तिच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढला गेला. शब्द गेला म्हणून पाहायला येणाऱ्यांची नजर बदलली का, ते तुम्हीच सांगा.

म्हणून गटात तीन गोष्टी कराव्यात, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट साधी माहितीची. चुना, कॉस्टिक, ब्लीच, काहीही अंगाला लागून आग झाली तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरायचं, निदान वीस मिनिटं. कोरडी पूड असेल तर आधी झटकायची, मग पाणी. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. डोळ्यात गेलं तर धूत राहायचं आणि तडक दवाखान्यात जायचं.

दुसरी, असं काही घडलं की ‘अक्कल नव्हती का?’ हा प्रश्न आधी विचारू नये. काय लावलं, किती वेळ ठेवलं, हे विचारावं. ओरडा बसेल या भीतीनंच मुली लपवतात आणि जखम वाढते. नंतर शांतपणे विचारावं, तुला काय नको झालं होतं? आणि ते नको आहे असं तुला कुणी सांगितलं? सुमनला हे कुणीच विचारलं नाही. ठिपके काढायचे तेव्हा तिला विचारलं नव्हतं, आणि पुसावेसे वाटले तेही दुसऱ्यांच्या बोलण्यामुळे. गोंदण चांगलं की वाईट हा वाद मी घालत नाही. तिच्या हनुवटीबद्दल तिच्याखेरीज सगळ्यांनी ठरवलं, एवढंच म्हणते. त्यात मीही होते.

तिसरी गोष्ट, जिच्या हातून घडलं त्या मुलीकडेही बघावं. तिला गुन्हेगार ठरवलं तर ती तोंड लपवते आणि जखमी मुलगी एकटी पडते. तिचा हात धरून तिला मैत्रिणीच्या घरी न्यावं. मला कुणी नेलं असतं तर मी गेले असते, असं आज वाटतं. कदाचित शाळेत जाऊन बाईंना खरं सांगितलंही असतं आणि सुमनचं दहावीचं वर्ष वाचलं असतं.

सुमनची नात आता नववीत आहे. मागच्या महिन्यात तिनं मला विचारलं, आजीच्या हनुवटीला काय झालं? मी सुमनकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांग तूच.” मी सांगितलं. चुन्यापासून सगळं. शाळा सुटल्याचंही, आणि मी न आल्याचंही.