इंजिनाची फेरबांधणी आणि पुढील टर्बोचा विचार

मोटारीचें झिजलेलें इंजिन उघडून पुन्हां बांधणें आणि त्याच इंजिनाला पुढेंमागें टर्बो जोडणें, हीं दोन कामें वरवर पाहतां निराळीं वाटतात. वस्तुतः दुसऱ्या कामाचें यश पहिल्या कामाच्या वेळीं निवडलेल्या भागांवर अवलंबून असतें.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेंत, समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर वसलेलें आहे. तेथें हवेचा दाब शेंकडा सात-आठनें कमी भरतो, आणि साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ति जवळजवळ त्याच मानानें घटते. मलकापूरहून मोताळ्यावरून निघालेली भरलेली मोटार राजूर घाट चढूं लागली, म्हणजे ही उणीव चालकास विशेष जाणवते. टर्बो हें यंत्र निकाशी वायूच्या जोरावर फिरतें व सिलिंडरांत अधिक हवा कोंबतें. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यांनीं पाइक्स पीक या पर्वतावर विमानाच्या इंजिनाला तें जोडून विरळ हवेंतील त्याची उपयुक्तता सिद्ध केली.

परंतु अधिक हवेबरोबर अधिक उष्णताही येते. सिलिंडरांतील मिश्रण ठिणगीपासून क्रमानें न जळतां आपोआप भडकलें, कीं पिस्टनवर हातोड्याचे घाव बसूं लागतात. मे महिन्यांत घाटाखालच्या सपाटीवर पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हां हें भय वाढतें. म्हणून पहिला निर्णय कॉम्प्रेशनच्या प्रमाणाचा. १९६२ सालीं निघालेल्या ओल्डस्मोबिल जेटफायर या मोटारींत तें १०.२५ ठेवून टर्बो बसविला होता. परिणामीं पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण इंजिनांत सोडावें लागे, आणि त्याची टाकी भरण्याचा मालकांना विसर पडे. ती मोटार १९६३ नंतर निघाली नाहीं.

जुन्या धर्तीच्या इंजिनाला सौम्य दाबासाठीं ८.५ ते ९ हें प्रमाण मानवतें. तें साधण्यासाठीं जाड गॅस्केट घालण्याचा स्वस्त मार्ग सुचविला जातो, तो टाळावा. त्यानें पिस्टन व हेड यांमधील अरुंद फट रुंदावते, मिश्रण नीट घुसळलें जात नाहीं, आणि भडक्याचा संभव उलट वाढतो. खोलगट माथ्याचे पिस्टन घेणें हाच योग्य उपाय होय. ओतीव पिस्टनांपेक्षां घडीव पिस्टन घाव अधिक सोसतात. मात्र ते तापल्यावर अधिक फुगतात, म्हणून बोअर करतांना त्यांच्या कारखान्यानें दिलेलीच मोकळीक ठेवावी. थंड इंजिनाचा थोडा आवाज त्यापोटीं सहन करावा लागतो.

रिंगांच्या टोकांमधील फट लहानशी, पण निर्णायक. ७५ मिलिमीटरच्या बोअरला एरव्हीं ०.३० मिलिमीटर पुरते. टर्बोसाठीं ती ०.४० च्या आसपास लागते. टोकें तापून एकमेकांस भिडलीं, तर पिस्टनची कड तुटते. रॉड व त्यांचे बोल्ट, बेअरिंगें, पोलादी पदरांचें गॅस्केट, आणि टर्बोचें तेल परतण्यासाठीं ऑइल पॅनला पाडावयाचें छिद्र, हीं कामेंही याच वेळीं उरकावीं. उलट रेडिएटर, क्लच, इंजेक्टर, हवा थंड करणारा कूलर हे भाग बाहेरचे; ते पुढें केव्हांही बदलतां येतात. जें इंजिन पुन्हां उघडल्यावांचून बदलतां येत नाहीं, त्यावर पैसा प्रथम खर्चावा, हेंच या निवडीचें सूत्र.

या तजविजीला किंमतही आहे. कॉम्प्रेशन उतरविलें, कीं टर्बो येईपर्यंत तीच मोटार घाटांत पूर्वीपेक्षां मंद चालते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून परिवहन कार्यालयांतील विचारणा खरेदीच्या आधींच व्हावी. तेथें अनुमति मिळण्याजोगी नसेल, अथवा घरच्या खर्चांत टर्बोचा योग निश्चित नसेल, तर मूळ मापाचे उत्तम भाग घालून इंजिन काळजीपूर्वक बांधणें हेंच शहाणपणाचें. बेत पक्का असल्यास मिस्त्रीकडून प्रत्येक माप कागदावर लिहून घ्यावें. टर्बो जोडणाऱ्याला पुढें किती दाब द्यावयाचा, हें त्या कागदावरूनच ठरवितां येईल.