मेंढा, डुक्कर आणि आपली कातडी

कर्करोगावर किरणांचा शेक घेतलेलं माणूस आज जवळजवळ प्रत्येक घराच्या ओळखीत आहे. बंगळुरूत मारतहळ्ळीहून होसूर रोडवरच्या किडवाई रुग्णालयात रोज जायचं, काही मिनिटं यंत्राखाली निजायचं, परतायचं. आणि हे कित्येक आठवडे. नातेवाईक हमखास विचारतात, एकदाच काय तो शेक देऊन मोकळं का करत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये मेंढ्यांकडून मिळालं.

क्लोद रेगो हे तिथल्या रेडियम इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ. मेंढ्याच्या वृषणात पेशींचं अखंड विभाजन चालू असतं, म्हणून वृषण म्हणजे जणू गाठ आणि वरची कातडी म्हणजे रुग्णाची निरोगी त्वचा, असं त्यांनी धरलं. एकाच दमात किरण देऊन मेंढा निर्बीज करायला गेलं की कातडी भयंकर भाजे. तोच शेक थोडा थोडा करून, दिवसांच्या अंतरानं दिला तेव्हा मेंढा निर्बीज झाला आणि कातडी वाचली. मधल्या वेळेत निरोगी पेशी आपली मोडतोड दुरुस्त करतात. त्याच संस्थेतल्या आंरी कुतार यांनी ही रीत घशाच्या कर्करोगाला लावली. आज जगभर रुग्ण रोजचा हप्ता घेतात, त्याच्या मुळाशी हे मेंढे आहेत.

त्वचेचं नुकसान लगेच दिसत नाही, हे मुद्दाम सांगतो. कातडीच्या तळच्या थरात नव्या पेशी तयार होतात आणि वर सरकत जातात. किरणांचा घाव त्या तळाला बसतो. वरच्या जुन्या पेशी झडेपर्यंत सगळं ठीक वाटतं. मग खालून भरती न आल्यानं काही आठवड्यांनी कातडी सोलवटते, पाझरते.

इथपर्यंत उंदीरही सांगतो. पण उंदराची बाह्यत्वचा फार पातळ, अंगभर दाट केस आणि कातडीखाली स्नायूचा सैल पडदा. त्याची जखम आकसून मिटते, आपली बरीचशी नव्या पेशींनी भरून येते. म्हणून जखम किती दिवसांत भरेल हे उंदराला विचारण्यात अर्थ नाही. त्याला जनुकांविषयी विचारावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००२मध्ये दाखवलं, की स्मॅड-३ हे जनुक नसलेल्या उंदरांत किरणांनंतरची सूज आणि वणाचा कडकपणा कमी होतो. म्हणजे कडक होणं हा निव्वळ भाजल्याचा परिणाम नव्हे. शरीरच तसा हुकूम सोडतं आणि तो अडवता येण्याची शक्यता आहे.

काळाचा हिशेब डुकरानं दिला. त्याची कातडी आपल्यासारखी घट्ट, विरळ केसांची. ऑक्सफर्डला जॉन होपवेल आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की शेकानंतर त्वचेच्या नुकसानीची पहिली लाट तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येते, आणि पुढे दहाव्या ते सोळाव्या आठवड्यात दुसरी. दुसरी खालच्या थरातल्या रक्तवाहिन्यांमुळे येते. पहिली बरी झाली म्हणून तपासणी सोडणाऱ्या रुग्णानं हे ऐकायला हवं.

आपल्याकडे प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांची परंपरा मुंबईत परळला रुजली. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी तिथे उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. तिथल्याच कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पुढे ‘स्विस बेअर’ या केसविरहित उंदरांवर त्वचेच्या कर्करोगाचे प्रयोग झाले. हे किरणांच्या जखमांचे प्रयोग नव्हेत, पण कुठल्या प्रश्नाला कुठला प्राणी हवा, ही शिस्त तीच. माझ्या मते या विषयातली नीतीही इथेच सुरू होते. आपल्या १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं प्राण्यांना अनावश्यक वेदना देण्यास मनाई केली आहे; आणि चुकीच्या प्राण्याला चुकीचा प्रश्न विचारून दिलेली वेदना मला तरी अनावश्यकच वाटते.

एक उणीव मला फार खटकते. त्वचा किती भाजली हे मोजायच्या पट्ट्या बऱ्याच अंशी लालीवर बेतलेल्या आहेत. पांढऱ्या उंदरावर, गुलाबी डुकरावर, गोऱ्या माणसावर लाली चटकन दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लपते. आधी दिसतो तो काळसरपणा. म्हणून तुमच्या घरी कुणी शेक घेत असेल तर केवळ रंग पाहून थांबू नका. ती जागा गरम लागते का, ओढल्यासारखी वाटते का, काखेत किंवा स्तनाखालच्या घडीत ओल आहे का, हे रोज विचारा, आणि तसं असेल तर पुढच्या हप्त्याआधी डॉक्टरांना सांगा.