लोकवन, बन्सी आणि गावाकडचे पोते

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी आजच्या संध्याकाळी आपल्याकडे आरोग्यावर नाहीतर मुलांच्या अभ्यासावर व्याख्यान असते. यंदा कार्यवाहांनी आम्हाला गळ घातली, “तुम्ही शेतीखात्यातले, गव्हावर बोला.” आम्ही म्हटले, पलसाण्यात गव्हावर कोण ऐकणार? इथे चारी बाजूंना ऊस, चलथाणचा कारखाना, खरिपात भात आणि उरलेल्या जागेत मिलचे धुराडे. मग लक्षात आले, की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एप्रिल-मे महिन्यात गावाहून गव्हाचे पोते येते. कुणाचे धुळ्याहून, कुणाचे अमळनेरहून, कुणाचे निफाडकडून. ज्यांचे येत नाही ते बाजारातून वर्षाचा गहू भरतात आणि दुकानदाराला विचारतात, “लोकवन आहे का?” तर सुरुवात तिथूनच करू.

लोकवन या शब्दात वन म्हणजे जंगल नाही. तो इंग्रजी ‘वन’, म्हणजे एक. खरे नाव लोक-१. भावनगर जिल्ह्यात सणोसरा नावाचे गाव आहे. तिथे नानाभाई भट्टांनी १९५३ साली लोकभारती ही संस्था काढली. त्या संस्थेत झवेरभाई पटेल यांनी हा गहू तयार केला. मेक्सिकोकडून आलेल्या बुटक्या वाणांच्या वंशातली सोनालिका ही त्याची एक जनक जात. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तो शेतकऱ्यांकडे आला आणि गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र असा पसरला. टपोरा, चकचकीत दाणा, पोळीला मऊ, आणि थोडी उशिरा पेरणी झाली तरी धकून जाणारा. आपल्या आया ज्याला ‘गावाकडचा गहू’ म्हणत आल्या, तो आपण राहतो त्या राज्यातून गावाकडे गेलेला आहे. इथले व्यापारीही ‘लोकवन’ असेच म्हणतात. त्यांच्या भावफलकावर एका ओळीत लोकवन आणि दुसऱ्या ओळीत टुकडा, अशी गव्हाची विभागणी असते.

पण चाळीस वर्षे झालेल्या वाणाला चाळीस वर्षे झालेलीच असतात. लोक-१ आता तांबेऱ्याला बळी पडतो. तांबेऱ्याचे बीजाणू मैदानी भागातल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. ते दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत तग धरतात आणि हिवाळ्यात वाऱ्यापावसाबरोबर वर येतात. बुरशी दर काही वर्षांनी आपले रूप बदलते, गहू मात्र तोच राहतो. म्हणून संशोधन केंद्रे नवे वाण काढत राहतात. इथे विजापूरच्या केंद्राने जी.डब्ल्यू. ४९६ आणि जी.डब्ल्यू. ३२२ दिले, तिकडे निफाडने त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ६२२२ आणि एमएसीएस ६४७८ दिले. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपमध्ये शेतकऱ्यांनी लोक-१ सारखे जुने वाण सोडून एमएसीएस ६४७८ घेतला, तेव्हा हेक्टरी २५ ते ३० क्विंटलवरून उत्पादन ४५ ते ६० क्विंटलवर गेले. त्या गव्हात प्रथिनेही १४ टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे उत्पादन आणि दाण्याची प्रत, दोन्ही मिळाले.

हे ऐकून लगेच कुणी भावाला फोन लावू नये. आधी नवापूर स्टेशन आठवा. आपण ताप्ती लाइनने जाताना त्या फलाटाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, हे मुलांना दाखवतो ना? गव्हाच्या शिफारशीचीही सीमा तिथूनच जाते. गुजरात आणि मध्य प्रदेश मध्य विभागात, महाराष्ट्र आणि कर्नाटक द्वीपकल्पीय विभागात. वाण मंजूर होताना कोणत्या विभागासाठी, वेळेवर की उशिरा पेरणीसाठी, बागायती की जिरायती, हे सगळे लिहून मंजूर होते. ‘अमुक वाण चांगला’ एवढे वाक्य अर्धवट आहे. कुठे, केव्हा आणि किती पाण्यावर, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. बारडोलीच्या दुकानातली पिशवी शिंदखेड्याच्या शेतात चालेलच असे नाही, आणि उलटही.

हे आम्ही पुस्तकातून नव्हे, घरच्या ठेचेतून सांगतो आहोत. शेती आमचा धाकटा भाऊ पाहतो. २०२१ च्या हंगामात त्याने कपाशी उपटली नाही. भाव चांगला होता, फरदड ठेवली. डिसेंबर संपत आला तेव्हा रान मोकळे झाले. त्याने फोन करून विचारले, “दादा, गहू पेरू का?” आम्ही ऑफिसात होतो, गडबडीत म्हटले, “पेर, घरापुरता तरी होईल.” कोणता वाण, बियाणे कुठले, काही विचारले नाही. त्याने वेळेवर पेरणीसाठीचा वाण, तोही बाजारातल्या खाण्याच्या गव्हातून, पेरला. पुढे २०२२ चा मार्च आला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत तो सगळ्यात उष्ण मार्च ठरला. सगळीकडेच दाणा आवळला, मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. आमच्या शेतात ओंबी चिकात होती आणि ऊन चाळिशीकडे गेले. एकरी पंधरा-सोळा क्विंटलचे रान सहावर आले. दाणा इतका बारीक, की चाळणीतून खाली पडत होता. त्या वर्षी पोते आले नाही. त्याहून वाईट म्हणजे भाऊ म्हणाला, “दादा, पुढच्या साली शेत ठोक्याने देऊन टाकू.” त्याचा दोष नव्हता. सल्ला विचारायला ज्याच्याकडे माणूस खात्यात आहे, त्यालाच सल्ला मिळाला नाही.

आता हिशेब पाहा. महाराष्ट्रात बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, आपल्याकडे दक्षिण गुजरातेत साधारण १५ ते २५ नोव्हेंबर. तिकडे १५ नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरतात, म्हणजे एकरी एक क्विंटल. डिसेंबरअखेर म्हणजे तीन पंधरवडे, एकरी तीन क्विंटल पेरतानाच गेले. उरलेले उन्हाने नेले. गव्हाला फुटव्यांच्या वेळी थंडी लागते आणि दाणा भरताना बेताची उष्णता. आपल्या भागात थंडीच मोजकी, त्यामुळे इथे तारखेला फारच किंमत. उशीर झालाच तर उशिरा पेरणीचा वाण घ्यावा. फुले समाधान दोन्हीला चालतो, निफाड ३४ खास उशिराचा, गुजरातेत जी.डब्ल्यू. १७३. आणि बियाणे वाढवावे. वेळेवर एकरी ४० किलो, तर उशिरा ५० ते ६०, कारण फुटवे कमी येतात.

बियाण्याच्या किलोत एक गंमत आहे. एकरी ४० म्हणजे हेक्टरी १०० किलो. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम असेल तर चौरस मीटरला २५० दाणे पडतात. लोकवनसारखा टपोरा, हजारी ५० ग्रॅमचा दाणा असेल तर तेवढ्याच किलोत २००. म्हणून पेरण्याआधी हजार दाणे मोजून वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकावेत. सुट्टीत मुलांना बसवा, दहा मिनिटांचे काम आहे. त्याबरोबर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ८५ च्या खाली उगवले तर ते बियाणे नव्हे, पीठच करावे. बीजप्रक्रिया केलेला उरलेला गहू मात्र कधीही दळायला नेऊ नये.

दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागत नाही. गहू स्वपरागी पीक आहे, संकरित कपाशीसारखे नाही. एकदा निळ्या खुणचिठ्ठीची प्रमाणित पिशवी आणली, भेसळ झाडे उपटून काढली आणि वेगळी मळणी केली, तर घरचे बी तीन-चार वर्षे चालते. आमचा भाऊ आता तेच करतो. हो, शेत ठोक्याने दिले नाही. एक एकर गव्हाला ठेवला आहे, तिथली कपाशी ऑक्टोबरअखेर उपटायची असे ठरले आहे. भांडण होते दरवर्षी, पण उपटतो.

पाण्याचे थोडक्यात. पेरणीनंतर २० ते २२ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, ते पाणी चुकवू नये. पाणी मोजकेच असेल तर निफाडकडची शिफारस अशी: एकच असेल तर ४० ते ४२ दिवसांनी, दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. दाणा चिकात असताना ओल हवी. पीक पिवळे पडल्यावर मात्र पाणी देऊ नये, लोळते आणि दाण्याचा रंग उतरतो. नत्र अर्धे पेरताना, अर्धे पहिल्या पाण्याच्या वेळी. नत्र कमी पडले की दाण्याच्या पोटात पांढरे, पिठूळ डाग येतात. बन्सीत ते लगेच दिसतात आणि व्यापारी भाव पाडतो.

बन्सीचे नाव निघाले म्हणून प्रतीविषयी, आणि हा विषय खरा ताई-वहिनींचा. गहू तीन जातींचा. पोळीचा नेहमीचा सरबती गहू, त्यातच लोकवन येते. दुसरा बन्सी, कडक, अंबरासारखा पिवळसर, रव्याला, शेवयांना उत्तम. आपल्या गुजरातेतला भालचा दाऊदखानी गहू याच जातीचा. भालमध्ये तो पावसाळ्याच्या मुरलेल्या ओलीवर, पाणी न देता पिकतो आणि २०११ साली त्याला ‘भालिया’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. तिसरा खपली, सातारा-सांगली-बेळगावकडचा, टरफलासकट मळणीतून येणारा, खिरीचा राजा. हल्ली मधुमेहासाठी खपली सांगतात. डॉक्टरांना विचारून खावा, पण खपलीत ग्लुटेन नसते असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांना खपलीही वर्ज्य.

पुरणाच्या मांड्यासाठी कणीक ताणली पाहिजे. बन्सीचे ग्लुटेन भरपूर असले तरी ते तुटते, खापरावर टाकताना मांडा फाटतो. मांड्याला सरबती जातीचाच बारीक सपीट हवा. घरी पाहायचे तर मूठभर कणकेचा गोळा अर्धा तास ठेवून नळाखाली धुवावा. चीक वाहून जातो आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. तो ओढून पाहावा. शेजाऱ्यांच्या गव्हाशी तुलना केली तर आणखी मजा येते, शेजारी रागावले नाहीत तर.

दुकानातल्या ‘सिहोर शरबती’चे एकच सांगतो. मध्य प्रदेशातला नावाजलेला शरबती बहुतांशी सी-३०६ हा १९६५ सालचा उंच वाण. कमी पाण्यात येतो, गोड लागतो, उत्पादन कमी, म्हणून महाग. खत-पाणी वाढवले की लोळतो. पोत्यावर तेच नाव असले तरी आत तोच वाण असेल असे नाही. दाणा पाहून, चावून घ्यावा. आणि भाव विचारताना लक्षात ठेवा, इथला मण २० किलोचा, गावाकडच्या जुन्या माणसांचा मण ४० शेरांचा. या एका शब्दावरून आमच्या सासऱ्यांची इथल्या व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत झाली होती.

ज्यांनी पलसाणा-बारडोलीकडे जमीन घेतली आहे त्यांना एवढेच, की भातानंतर गहू घ्यायचा असेल तर लवकर निघणारे भात लावा. आपली काळी जमीन चिखलणीनंतर वापशावर यायला वेळ घेते, ढेकळे निघतात, आणि नोव्हेंबर कधी गेला ते कळत नाही. उसाचे रान जानेवारीत मोकळे होत असेल तर गव्हाचा हट्ट करू नये. उन्हाळी मूग बरा.

आरतीची वेळ होत आली. मागच्या टेबलावर चार वाट्या मांडल्या आहेत. तिघींवर चिठ्ठ्या आहेत, लोकवन, बन्सी, खपली. चौथीत २०२२ च्या आमच्या शेतातला गहू आहे. भावाने तेव्हा एक डबाभर जपून ठेवला, फेकू देत नाही. प्रसाद घेतल्यावर जाताना चारही वाट्यांतला एकेक दाणा दाताखाली धरून पाहा. गणपती बाप्पा मोरया.