हेझल सोबत का आली नाही



सकाळपासून निदान दहा जणांनी मला विचारलं, "फोटोतली ती कुत्री कुठाय?" म्हणून मला दिलेल्या वेळात तिच्याबद्दलच बोलते.

हेझल न्यू जर्सीत आमच्या घरी आहे. फुटपाथवर लावलेल्या स्कूटर आणि कोपऱ्याकोपऱ्यावरची भटकी कुत्री, यातून वाट काढायला तिला इथे आणणं मला पटलं नाही. इथे माझी पांढरी काठी पुरते.

स्नेहसंमेलनाच्या तालमीवरून रात्री घरी जाताना मी कुणाचा तरी दंड धरून चालायचे, ते काहींना आठवत असेल. 'घाबरट' म्हणून माझी चेष्टाही व्हायची. तो रेटिनायटिस पिगमेंटोसा होता. त्यात बहुधा आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं, आणि नजर नळीतून पाहिल्यासारखी आकसत जाते. माझी पस्तिशीपर्यंत कशीबशी टिकली.

हेझल मला मिळाली मॉरिसटाउनच्या 'द सीइंग आय' या संस्थेतून. मॉरिस फ्रँक नावाचा नॅशव्हिलचा अंध तरुण १९२८ साली स्वित्झर्लंडला डोरोथी युस्टिसबाईंकडे गेला, बडी नावाची कुत्री घेऊन परतला आणि न्यूयॉर्कच्या भर रहदारीत पत्रकारांसमोर रस्ता ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी संस्था सुरू झाली. तिथली पिल्लं आधी स्वयंसेवकांच्या घरी वाढतात. त्या घरातली मुलं वर्षभर लळा लावतात आणि मग पिल्लू परत देतात. हे मला आजही थोर वाटतं. पहिल्या कुत्र्यासाठी माझ्याकडून घेतले फक्त १५० डॉलर.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. हेझल मला ऑफिसला 'नेत' नाही. ऑफिस कुठे आहे, हे मला माहीत असावं लागतं. किती चौक झाले, कुठे वळायचं, हा नकाशा माझ्या डोक्यात. तिला सिग्नलचे दिवेही समजत नाहीत. कडेला आली की ती थांबते, मी कान देते. माझ्या दिशेच्या गाड्या सुटल्याचा आवाज आला की मी "फॉरवर्ड" म्हणते. मधला खड्डा, उघडं दार, डोक्याला लागेल अशी फांदी हे चुकवणं तिचं काम. काठी अडथळ्याला लागते, तेव्हा तो कळतो. हेझलसोबत तो आला आणि गेला हेही अनेकदा कळत नाही. याला एक तोटा आहे. काठीला लागणारा खांब, कुंडी, पेटी या माझ्या खुणा होत्या, त्या गेल्या.

आणि ती आज्ञा मोडते! गाडी येत असेल तर "फॉरवर्ड" म्हटलं तरी हलायचं नाही, हे तिला शिकवलेलं आहे. माझ्या धंद्यात प्रोग्रॅम सांगितलं तेवढंच करतो, चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करतो. त्यामुळे मला याचं फार अप्रूप. एकदा एक विजेवरची गाडी अजिबात आवाज न करता वळली. हेझल आडवी उभी राहिली, गार वारा माझ्या गुडघ्यांना लागला, आणि मग चालकाने हॉर्न वाजवला.

त्रासही आहे. अमेरिकेत कायदा १९९० पासून आहे, तरी कुत्री दिसताच टॅक्सी तशीच पुढे नेणारे भेटतात. हार्नेस धरलेला असताना कुणी तिला गोंजारलं की तिचं लक्ष जातं आणि ठेच मला लागते. तुमच्यातल्या प्रेमळ मंडळींनाही एक सांगते: सकाळपासून मला दंडाला धरून चार वेळा खुर्चीपर्यंत पोचवलंत. त्याऐवजी तुमचा दंड मला धरू द्या. म्हणजे एक पाऊल मागून, माझ्या वेगाने येता येतं. शाळेत तसंच चालत होतो ना आपण?

आईला घरात कुत्रं चालायचं नाही. ती पहिल्यांदा आली तेव्हा आठवडाभर हेझलपासून चार हात लांब बसली. मग एकदा मी बर्फातून व्यवस्थित परतलेली पाहून म्हणाली, "दत्ताच्या पायाशीही चार असतातच." हेझलला मराठी येत नाही याचं तिला अजून वाईट वाटतं.

हेझल आता नऊ वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यापासून जिने चढताना ती क्षणभर थांबते आणि हार्नेसमधून मला लागणारी ओढ सैल झाली आहे. हे आधी माझ्या हाताला कळलं, मग डॉक्टरांना. येत्या वसंतात तिला निवृत्त करायचं आहे. निवृत्त कुत्रं आपल्याकडे ठेवता येतं किंवा दुसऱ्या चांगल्या घरी देता येतं. ठेवलं, तर मी दुसऱ्या कुत्र्याला हार्नेस चढवून निघेन तेव्हा ती दाराशी उभी असेल, कारण सात वर्षं त्या आवाजाला ती उठत आली आहे. दिलं, तर तिच्याशिवाय घरात वावरणं मला जमेल का, ते सांगता येत नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "दाराशी मी बसेन तिच्याजवळ. तू जा ऑफिसला." तिचा व्हिसा एप्रिलपासूनचा आहे.