अनेक हात आणि एक वही

एक संगणक जे काम करतो, तेच चौसष्ट प्रोसेसरांनी वाटून घेतले तर ते चौसष्ट पट लवकर होईल, असे आपल्याला सहज वाटते. परंतु तसे घडत नाही. का घडत नाही, हे लालबागच्या एखाद्या शाळेतील परीक्षेच्या कामावरून समजून घेऊ.

समजा, उत्तरपत्रिका तपासण्यास एका शिक्षकाला ५४ तास लागतात आणि त्यानंतर गुण नोंदवहीत उतरविण्यास ६ तास. एकूण ६० तास. तपासणी वाटून देता येते. वही मात्र एकच, व ती एका वेळी एकाच्याच हाती. नऊ शिक्षक बसविले, तर तपासणीचे ६ व नोंदीचे ६ असे १२ तास लागतील. म्हणजे माणसे नऊपट, वेग पाचपट! चौसष्ट बसविले तरी वेग पावणेनऊ पटच. दहापटीची मर्यादा तर कधीच ओलांडता यायची नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली संगणकांविषयी हाच विचार मांडला.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तोही अनेक प्रोसेसरांना एकत्र राबवूनच. अशा यंत्रांवर हवामानाचे गणित करताना नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येक प्रोसेसरला एकेक देतात. पण वारा तुकड्याची सीमा जाणत नाही! म्हणून पायरीपायरीला शेजाऱ्याशी आकड्यांची देवाणघेवाण करावी लागते, आणि जो मागे राहील त्याच्यासाठी इतरांना खोळंबावे लागते. तुकडे फार लहान केले, तर कामापेक्षा निरोपच जास्त होतात.

यासाठी आधी कागदावर हिशेब मांडतात: वाटता येणारे काम किती, रांगेत उभे राहणे किती, निरोपांचा वेळ किती. या हिशेबालाच कार्यक्षमतेचे प्रतिमान म्हणतात. आपल्या उदाहरणात नोंदीचा वेळ निम्मा केला, तर तेच नऊ शिक्षक ९ तासांत काम संपवतील; एरवी त्यासाठी अठरा शिक्षक लागले असते.

वादळाचा अंदाज वादळानंतर हाती आला, तर बुऱ्हाणपूरच्या केळीबागायतदाराला त्याचा काय उपयोग? म्हणून यंत्रे वाढविण्यापूर्वी विचारावे, की रांग कोठे लागते आहे?