पाण्याची धास्ती
पोहणे शिकवायचे म्हणजे पोराला विहिरीत ढकलायचे, ही आपल्या खानदेशातली जुनी रीत. काही जण तसे शिकलेही. पुष्कळांनी मात्र पाण्याचा जन्माचा धसका घेतला. त्यापेक्षा होळीनंतर पांझरेच्या किंवा गिरणेच्या संथ, पोराच्या कमरेइतक्या पाण्यात चला. आधी गुरुजींनी स्वतः उतरून तळ चाचपावा. वाळू उपसल्याने खड्डे पडलेले असतात. मग पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधा, तोंड बुडवून बुडबुडे सोडू द्या, तळ पायांनी ओळखू द्या. तळ कळला की निम्मी भीती सरते. उरलेली राहू द्या! पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापी झपाट्याने चढते. तिथे भ्यालेलेच बरे. आणि हो, भोपळा कधी सोडायचा ते पोरालाच ठरवू द्या.